खाऱ्या हवेत विणायचं तर धागा कुठला घ्यावा

रत्नागिरी असो की सावंतवाडी, दुकानात 'लोकर दाखवा' म्हटलं की काउंटरवर जे रंगीबेरंगी गुंडे येतात, त्यांतल्या बहुतेकांचा मेंढीशी काडीचा संबंध नसतो. ते अ‍ॅक्रिलिक असतं, कारखान्यात तयार झालेला कृत्रिम धागा. मराठीत विणायच्या कुठल्याही मऊ धाग्याला लोकर म्हणायची सवय पडली आहे. बोलण्यात त्याने काही बिघडत नाही, विकत घेताना मात्र बिघडतं. अ‍ॅक्रिलिकच्या टोपड्यात बाळाचं डोकं घामेजतं, खऱ्या लोकरीचा स्वेटर मशीनमध्ये फिरवला की आटून बाहुलीला होईल एवढा उरतो, आणि सुती जाकीट दोन धुण्यांत मांड्यांपर्यंत उतरतं. तिन्ही वेळा विणणारीचा हात चांगलाच असतो, फक्त धागा चुकलेला असतो.

विणकामाचे नमुने बहुतेक थंड, कोरड्या मुलखातल्या लोकांनी लिहिलेले आहेत. ऊब किती मिळेल, हा त्यांचा पहिला प्रश्न. आपल्या किनारपट्टीवर जानेवारीच्या पहाटेही पारा बहुधा १८ अंशांच्या आसपास असतो, तेव्हा उबेचा विचार मागाहून केला तरी चालेल. आधी हे ठरवा की ही वस्तू किती वेळा धुवावी लागणार आहे आणि धुतल्यावर कुठे, किती वेळात वाळणार आहे. मिरगापासून दसऱ्यापर्यंत पडवीतल्या दोरीवर दोन-दोन दिवस लोंबूनही दमट राहणारे कपडे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

समुद्राजवळच्या घरांत आणखी एक भानगड असते. वाऱ्याबरोबर येणारं मीठ कपड्यावर बसतं, आणि हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. म्हणून दुपारी खडखडीत वाटणारी शाल संध्याकाळी पुन्हा चिकट लागते. अशी वस्तू साबणाने धुण्याआधी साध्या गोड्या पाण्यात दहा मिनिटं भिजवून पिळली की निम्मं काम होतं. जाड, गच्च विणीतून हे मीठ लवकर निघत नाही. किनाऱ्यावर बारीक धागा आणि मोकळी वीण बरी पडते, त्याचं हेही एक कारण.

कुठला धागा किती पाणी धरतो

हवेतली आर्द्रता ६५ टक्के असताना खरी लोकर आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे १६ टक्के ओल धरते. व्हिस्कोस (बांबूचा धागा म्हणून विकला जातो तो बहुधा हाच) ११ ते १३ टक्के, कापूस ८ च्या आसपास, नायलॉन ४, अ‍ॅक्रिलिक दीड ते दोन, आणि पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी.

अंगाला लागणाऱ्या कपड्यात घाम शोषला गेला पाहिजे, म्हणून तिथे कापूस हवा. तो उशिरा वाळतो हे मान्य करून पातळ विणायचा. जी वस्तू अंगाला लागत नाही, पण पावसात भिजते किंवा वरचेवर धुवावी लागते, तिथे अ‍ॅक्रिलिक किंवा नायलॉन. बांबू हाताला गार आणि रेशमासारखा लागतो, पण व्हिस्कोस ओला झाला की त्याची ताकद बरीच कमी होते. तो पिळायचा नाही आणि भिजलेला दोरीवर टांगायचा नाही, नाहीतर आपल्याच वजनाने लांबत जातो.

खऱ्या लोकरीचा गुण असा की वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओल पोटात घेऊनही ती हाताला ओली लागत नाही. पावसात घोंगडी घेऊन शेतात जाणाऱ्याला हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. विकत घेताना मात्र हाच गुण महागात पडतो. खऱ्या लोकरीच्या सुट्या लड्या वजनावर घ्यायच्या असतील तर श्रावणात घेऊ नका, कारण त्या दिवसांत लोकरीच्या भावाने हवेतलं पाणीही विकत घेतलं जातं. दिवाळीनंतर ते शिमग्यापर्यंतचा काळ त्यासाठी चांगला. अ‍ॅक्रिलिक कधीही घ्या, त्याच्या वजनात फरक पडत नाही.

बाळाचं विणकाम

कोकणात विणकामाचा धागा सगळ्यांत जास्त जातो तो कुंची, टोपडी, मोजे आणि दुपट्यांवर. पहिला हिवाळा म्हणून आजी-मावश्या अ‍ॅक्रिलिकचा जाडजूड सेट विणतात आणि बाळाच्या मानेवर घामोळं उठतं. किनाऱ्यावरच्या बाळासाठी मऊ सुती धागा, किंवा निम्मा कापूस निम्मं अ‍ॅक्रिलिक असा मिश्र धागा घ्या. मिश्र धाग्यात कापसामुळे घाम टिपला जातो आणि अ‍ॅक्रिलिकमुळे वस्तू हलकी राहते, लवकर वाळते, काठ थोडा ताणला जातो. 'मिल्क कॉटन' नावाने मिळणारे गुंडे या कामाला बरे पडतात. नावातल्या दुधाकडे न बघता मागे छापलेले टक्के तेवढे वाचा. काही गुंड्यांत कापूस नावापुरताच असतो.

नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४-३५ सेंटिमीटर असतो. ताणणाऱ्या धाग्याचं टोपडं ३१-३२ सेंटिमीटर विणलं तर नीट बसतं. शुद्ध सुती टोपडं एवढं लहान विणू नका. कापूस ताणत नाही, त्यामुळे कपाळावर वळ उठतो. ते ३३ सेंटिमीटर ठेवा, आणि दोन सुलट दोन उलट असा काठ टोपड्याच्या बाकी भागापेक्षा दोन नंबर बारीक सुईवर घाला. सुती काठ धुण्यागणिक सैल पडतो, म्हणून तो सुरुवातीलाच घट्ट हवा.

मोज्यांना जाळीची वीण नको, त्यात पायाची बोटं अडकतात. केसाळ, पिसारलेला धागाही नको, कारण बाळ सगळं तोंडात घालतं. धागा मऊ आहे का हे बोटांनी कळत नाही, बोटं राठ असतात. गुंडा हनुवटीखाली, गळ्याच्या बाजूला अर्धा मिनिट घासा. तिथे टोचला तर बाळाला नक्की टोचेल.

रंगाबद्दल एक. पांढरं आणि बदामी सुती विणकाम लाल मातीच्या गावात फार दिवस पांढरं राहत नाही. जांभ्याच्या मातीतलं लोह कापसाच्या तंतूंत बसतं, आणि डाग काढायला ब्लीच वापरलं तर तो उलट पक्का होतो. लिंबाचा रस आणि मीठ लावून तासभर ठेवा, मग धुवा. रांगणाऱ्या बाळासाठी मुळातच विटकरी, मोहरी किंवा हिरवा रंग निवडणं शहाणपणाचं.

तोरण, रुखवत, पिशव्या

दारावरच्या तोरणाला ऊन, पाऊस, धूळ सगळं सोसायचं असतं, म्हणून तिथे अ‍ॅक्रिलिकच. उन्हात टिकण्यात ते कापसाच्या आणि नायलॉनच्या खूप पुढे आहे. रंग वर्षानुवर्षं राहतो, बुरशीला खायला त्यात काही मिळत नाही, आणि बादलीत बुचकळून काढलं की तासा-दोन तासांत वाळतं. सुती तोरण पहिल्याच पावसाळ्यात काळ्या ठिपक्यांनी भरतं. गणपतीच्या मखरासाठी लोकरीची फुलं, पानं, केळीचे खांब करतात त्यालाही अ‍ॅक्रिलिक चालतं. पण निरांजन, समई आणि उदबत्तीपासून ते हातभर लांब ठेवा. अ‍ॅक्रिलिक भराभर पेटतं आणि वितळून गळतं. त्याच कारणासाठी गरम पातेलं धरायचे चौकोन फक्त सुती धाग्याचे विणा. अ‍ॅक्रिलिक तव्याला चिकटतं आणि वितळलेलं कातडीलाही चिकटतं.

रुखवतातले रुमाल, टेबलावरचे गोल आणि पडद्यांच्या झालरींना मर्सराइज्ड सुती धागा घ्या. कापूस ताणून धरून कॉस्टिक सोड्यातून काढला की तंतू फुगून गोल होतो, चमक येते, ताकद वाढते. सोड्याची ही क्रिया जॉन मर्सर या इंग्रजाला १८४४ मध्ये सापडली, त्याचंच नाव धाग्याला चिकटलं. असा धागा गुळगुळीत असल्यामुळे जाळीची नक्षी उठून दिसते. क्रोशाच्या दोऱ्यावर १०, २०, ४० असे आकडे असतात आणि आकडा मोठा तितका दोरा बारीक. शिकणारीने २० नंबरपासून सुरुवात करावी. ४० नंबरचा दोरा दिवेलागणीनंतर डोळ्यांची परीक्षा घेतो.

हे रुमाल कडक करायला खळ लावतात, बऱ्याच घरांत भाताची पेज गाळून तीच वापरतात. चालतं, पण खळ लावून पेटीत ठेवू नका. स्टार्चला कसर लागते, झुरळं येतात आणि दमटपणात बुरशी धरते. धुऊन, बिनखळीचे, कडकडीत वाळवून ठेवा. मांडायच्या आदल्या दिवशी खळ द्या.

मासळीच्या पिशवीला कापूस अजिबात नको. बांगड्याचं पाणी सुती धाग्यात एकदा मुरलं की वास घरचा होऊन बसतो. नायलॉन किंवा पॉलिप्रॉपिलिनची बारीक दोरी घ्या, पाणी तिच्यात फारसं शिरत नाही. सहा मिलिमीटरच्या क्रोशाने मोठी जाळी घातली की नळाखाली धरून झटकता येते. धुतलेली पिशवी सावलीत टांगा, कारण या दोन्ही धाग्यांना कडक ऊन सोसत नाही. दोन-तीन उन्हाळ्यांत दोरी ठिसूळ होऊन भर बाजारात तुटते.

स्वेटर विणायचाच असेल तर

दापोलीला, आंबोलीला किंवा घाटाच्या कुशीतल्या गावांत रात्री चांगल्याच गारठतात. शिवाय घरातलं कुणी ना कुणी पुण्याला, नाशिकला, दिल्लीला असतं. त्यांच्यासाठी खरी लोकर घ्यायला हरकत नाही. लोकरीचा मऊपणा तंतूच्या जाडीवर असतो आणि ती मायक्रॉनमध्ये मोजतात. २० मायक्रॉनच्या आतली मेरिनो मेंढीची मऊ लोकर गळ्याला चालते, ३० च्या वरची हमखास टोचते. दख्खनी मेंढीची लोकर बरीच राठ असते. घोंगडी, जेन (अंथरायचं जाड लोकरी कापड) आणि आसनं तिची उत्तम होतात, गळपट्टा मात्र होत नाही.

लोकरीच्या तंतूवर माशाच्या खवल्यांसारखे खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण हे तिन्ही एकत्र आले की खवले एकमेकांत अडकतात आणि विणलेलं कापड आटून नमद्यासारखं, म्हणजे दाबून केलेल्या घट्ट लोकरी कापडासारखं होतं. ते पुन्हा उलगडत नाही. वापरणारी व्यक्ती हाताने धुणारी नसेल तर 'सुपरवॉश' असं लिहिलेली लोकर घ्या. तिच्या खवल्यांवर प्रक्रिया करून ते बसवलेले असतात. सुपरवॉश धुतल्यावर थोडी वाढते, हे माप घेताना लक्षात ठेवा.

मुंबईला शिकायला गेलेल्या मुलाला खरी लोकर पाठवून काही उपयोग नाही. गाडीतल्या एसीपुरतं एखादं बिनबाह्यांचं सुती-अ‍ॅक्रिलिक जाकीट पुरे.

पदर, जाडी आणि सुईचा नंबर

सगळ्यांत जास्त घोळ इथे होतो. 'फोर प्लाय' म्हणजे चार पदर पिळून केलेला धागा. पण पदरच जाड असतील तर दोन पदरीही चार पदरीपेक्षा जाड निघतो. म्हणून प्लायचा आकडा बघून नमुन्याशी जोडी लावू नका. दोनच गोष्टी बघा: ५० ग्रॅममध्ये किती मीटर आणि १० सेंटिमीटरमध्ये किती टाके. बारीक धाग्यात (परदेशी नमुन्यांतलं 'फिंगरिंग') ५० ग्रॅमला साधारण १७५ ते २१० मीटर भरतात आणि १० सेंटिमीटरमध्ये २७ ते ३२ टाके बसतात. मध्यम धागा, ज्याला 'डीके' म्हणतात, ५० ग्रॅमला १०० ते १२५ मीटर आणि २१ ते २४ टाके. त्याहून जाड 'वर्स्टेड' १६ ते २० टाके. किनाऱ्यावरच्या अंगावरच्या कपड्यांना डीकेच्या पुढे जाऊ नका.

सुट्या लडीवर काहीच छापलेलं नसेल तर धागा पेन्सिलीवर न ताणता, वेढ्याला वेढा लावून गुंडाळा आणि एका इंचात किती वेढे बसतात ते मोजा. १४ च्या आसपास बसले तर बारीक, ११ म्हणजे डीके, ९ म्हणजे वर्स्टेड, ७ म्हणजे जाड. लांबी काढायची तर लडी सरळ धरून एका वेढ्याचा घेर मोजा आणि वेढे मोजा. घेर दीड मीटर आणि वेढे १६० असतील तर २४० मीटर.

आपल्याकडे दुकानात सुया जुन्या ब्रिटिश नंबरांनी मिळतात, आकडा वाढला की सुई बारीक. १२ नंबर म्हणजे २.७५ मिलिमीटर, १० म्हणजे ३.२५, ९ म्हणजे ३.७५, ८ म्हणजे ४, ७ म्हणजे साडेचार, ६ म्हणजे ५. अमेरिकी नमुन्यांत आकडा वाढला की सुई जाड होते. तिथली ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची असते, आपली ८ नंबरची ४ ची. अमेरिकी नमुना आपल्या ८ नंबरवर विणला तर स्वेटर दोन मापं लहान होतो आणि दोष धाग्याला जातो. नमुन्यातले मिलिमीटर वाचा, नंबर सोडून द्या.

सुयांबद्दल जाता जाता. मुलामा उडालेली लोखंडी सुई खाऱ्या हवेत गंजते आणि पांढऱ्या धाग्यावर तपकिरी रेघ ओढते. बांबूच्या सुया पावसाळ्यात फुगतात, टाके सरकत नाहीत. जून ते सप्टेंबर अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा चांगल्या स्टीलच्या सुया वापरा.

आधी चौकोन विणा, मग हिशेब

नमुन्याचा चौकोन विणायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो. ११० टाक्यांचा बाळाचा स्वेटर घ्या. १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके बसले तर घेर ५० सेंटिमीटर, २० बसले तर ५५. दोनच टाक्यांच्या फरकाने पाच सेंटिमीटर. बाळाच्या अंगावर पाच सेंटिमीटर म्हणजे पुढच्या वर्षीचं माप.

चौकोन किमान १५ सेंटिमीटरचा हवा. विणून लगेच मोजू नका. वस्तू पुढे जशी धुणार आणि वाळवणार तसाच तो धुवा, वाळवा आणि मग काठ सोडून मधले १० सेंटिमीटर मोजा. सुती चौकोन ओला असताना दोन तास चिमट्याने टांगून बघा, पुढे काय होणार ते आत्ताच कळेल. टाके जास्त भरले तर अर्धा मिलिमीटर जाड सुई, कमी भरले तर बारीक. तरीही जुळत नसेल तर धागा त्या नमुन्याचा नाही, हट्ट सोडा.

हाच चौकोन काट्यावर ठेवला की किती धागा लागेल तेही निघतं. १५ बाय १५ म्हणजे २२५ चौरस सेंटिमीटरचा डीकेचा चौकोन ९ ग्रॅम भरला असं धरू. सहा महिन्यांच्या बाळाचा स्वेटर: अंग ५० बाय २६, म्हणजे १३००, आणि दोन बाह्या प्रत्येकी २० बाय १६, म्हणजे ६४०. एकूण १९४० चौरस सेंटिमीटर. भागिले २२५, गुणिले ९, सुमारे ७८ ग्रॅम. काठ, गळपट्टी आणि शिवणीसाठी १५ टक्के वाढवा, ९० ग्रॅम. म्हणजे ५० ग्रॅमचे दोन गुंडे. क्रोशाला त्याच आकाराला पाव ते एकतृतीयांश धागा जास्त लागतो. वेण्यांच्या नक्षीलाही जास्त जातो.

घरचा काटा ९ ग्रॅम नीट दाखवत नसेल तर सोनाराकडे नेऊन तोलून घ्या, तो हसेल पण तोलून देईल.

धागा बदलताना ग्रॅमवर जाऊ नका. कापसाचा तंतू अ‍ॅक्रिलिकपेक्षा जवळजवळ तीस टक्के जड असतो. अ‍ॅक्रिलिकच्या नमुन्यात २०० ग्रॅम लिहिलेत म्हणून २०० ग्रॅम कापूस आणला तर शेवटची बाही अर्धी राहते. नमुन्यातले गुंडे गुणिले मीटर करा आणि नव्या धाग्याच्या मीटरने भागा. आणि हो, तीच वस्तू कापसात जड होणार, म्हणून खांद्याच्या आणि बगलेच्या शिवणी घाला. बिनशिवणीचं गोल विणकाम कापसात लोंबतं.

दुकानात उभं राहून

लेबलावर डाय लॉटचा, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या धाग्याच्या घाण्याचा, नंबर असतो. एकाच रंगाचे, पण वेगळ्या लॉटचे गुंडे दुकानातल्या ट्यूबखाली सारखे दिसतात आणि अंगणात वेगळे. लागणारे सगळे गुंडे एकदम घ्या, एक वरचा घ्या. मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्याला 'तसलाच हिरवा' आणायला सांगू नका. लेबलाचा फोटो पाठवा, लॉट नंबरासकट. तरीही वेगळा लॉट आला तर दोन ओळी जुन्या गुंड्याच्या, दोन नव्याच्या असं विणत जा, जोड दिसत नाही.

धाग्याचं टोक अंगठा आणि तर्जनीत वीस वेळा चोळा. लगेच तंतू सुटून पिसारला तर त्या स्वेटरवर काखेत गोळे धरणार. टोक उलगडून बघा. पीळ सैल असेल तर सुईचं टोक पदरांच्या मधून शिरतं आणि टाके फाटतात. मखमली, शेनीलसारखे धागे डोळ्यांना मोह घालतात, पण त्यात टाके दिसत नाहीत आणि उसवायला गेलं की मखमल गळून नुसता दोरा हाती राहतो. शिकताना त्यांच्या वाटेला जाऊ नये. काळा, गर्द निळा हेही रंग आषाढ-श्रावणात सुरू करू नका. आभाळ भरलेलं, वीज गेलेली, आणि उलट-सुलट ओळखू येत नाही.

लाल, मरून, काळा धागा पांढऱ्याबरोबर वापरायचा असेल तर हातभर तुकडा पांढऱ्या चिंधीत गुंडाळून कोमट साबणाच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवा. चिंधी रंगली तर तो धागा एकटाच वापरा.

दुकानदार 'प्युअर वूल' म्हणत असेल आणि लेबल नसेल, तर घरी आणून बोटभर तुकडा जाळून बघा. चिमट्यात धरा, खाली पाण्याची ताटली ठेवा, पंखा बंद करा. खरी लोकर नाइलाजाने जळते, ज्योत काढली की विझते, केस जळल्याचा वास येतो आणि काळी राख बोटांत चुरगळते. कापूस भसकन पेटतो, कागद जळल्याचा वास, राख मऊ करडी. अ‍ॅक्रिलिक वितळत जळतं, वास उग्र, आणि गार झाल्यावर टणक काळा मणी उरतो. मिश्र धागा असेल तर आणखी एक परीक्षा आहे: छोटा तुकडा काचेच्या वाटीत कपड्यांच्या क्लोरीन ब्लीचमध्ये टाका. काही तासांत लोकर विरघळून जाते, कापूस आणि अ‍ॅक्रिलिक राहतात. जे उरलं त्यावरून लोकर किती होती याचा अंदाज येतो. खिडकी उघडी ठेवा आणि त्या वाटीत लिंबू, व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर मिसळू नका, विषारी वायू होतो.

अ‍ॅक्रिलिकला इस्त्री लावायची नाही. तापलेली इस्त्री टेकली की वीण कायमची चपटी आणि लुळी होते. सपाट करायचं असेल तर ओला पंचा वर पसरून नुसती वाफ लांबून द्या.

पावसाळ्यात वाळवणं आणि ठेवणं

विणलेली वस्तू दोरीवर टाकू नका. पंच्यात गुंडाळून, वर पाय देऊन पाणी काढा, मग चटईवर किंवा सुपात पसरून पंख्याखाली ठेवा आणि सहा तासांनी उलटी करा. टोपडं पालथ्या तांब्यावर घातलं की आकार धरतं. सुती जाड वस्तू दीड दिवसात वाळली नाही तर कुबट वास येतो. तो आला तर पुन्हा धुण्याला पर्याय नाही.

उरलेला आणि कोरा धागा मिरगाच्या आधी, वैशाखाच्या उन्हात तासभर दाखवून, सावलीत गार होऊ देऊन मग स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. गरम असतानाच झाकण लावलं तर आत घाम धरतो. बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिकाच्या पुड्या जमवून ठेवा, डब्याला चार-पाच पुरतात. खऱ्या लोकरीला कसरीची भीती, तिथे वेखंडाचे तुकडे फडक्यात बांधून ठेवा. बाळाच्या वस्तूंजवळ डांबराच्या गोळ्या ठेवू नका. काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्या वासाने फुटतात, आणि कुठल्या बाळाला तो दोष आहे हे सहसा आधी कळत नाही.

गुंडे घट्ट गुंडाळू नका. महिनोन्महिने ताणलेला धागा धुतल्यावर सैल होतो आणि कापड आटल्यासारखं दिसतं. विणून झालेल्या प्रत्येक वस्तूचं लेबल, सोबत दोन मीटर धागा, एका पाकिटात घालून वर सुईचे मिलिमीटर लिहून ठेवा. पुढच्या पावसाळ्यात कोपरावर भोक पडलं की तोच धागा लागतो.